मिळताजुळता बैल

मागच्या महिन्यात एका दुपारी आमच्या दुकानात सहा माणसं एकाच मोबाइलवर वाकून उभी होती. मशीन बंद, छपाई थांबलेली, आणि फ्लेक्स न्यायला आलेला मंडळाचा कार्यकर्ता रिक्षावाल्याला "दोन मिनिटं थांब की" म्हणत स्वतःच गर्दीत घुसलेला. मधोमध आमचा भाचा. त्यानं मोबाइलमध्ये नवं ॲप घेतलं होतं. कशाचाही फोटो काढायचा, त्यावर बोटानं गोल करायचा, की ते काय आहे, कुठं मिळतं, आणखी कुठं कुठं दिसतंय हे सगळं खाली हजर.

आधी चहावाल्याच्या किटलीवर गोल झाला. किटली आली, किमतीसकट. मग रिक्षावाल्याच्या पायातल्या चपलेवर. नऊशेपासून पुढं दर दाखवायला लागलं तसा रिक्षावाला खूश, कारण त्यानं ती मिरजेत साडेतीनशेला घेतली होती. पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेल्या एका काकूंनी प्रूफ बाजूला ठेवून पदर पुढं केला. "इरकल म्हणतंय! बरोबर की!" त्यांना ती इरकल आहे हे तीस वर्षं माहीत होतं, पण मोबाइलनं सांगितल्यावर जो आनंद झाला तो वेगळाच.

"मामा, या की इकडं, बघा तरी!"

"बघितलंय," म्हणालो आणि मशीनवरचा रोल बदलायला लागलो. भाच्याला वाटलं मामाचं वय झालं. वय झालंय ते खरंच, पण कारण ते नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी असल्याच घोळक्याच्या मधोमध मी उभा होतो.

२००८ साली मी दुसऱ्याच्या डीटीपी सेंटरवर ऑपरेटर होतो. सांगलीत हरभट रोडला लागून एक बोळ, वर पत्रा, आत दोन कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. डिझाइनला कोरल ड्रॉ, मराठी अक्षरांना श्रीलिपी आणि बीएसएनएलचं ब्रॉडबँड, ज्याचं डाउनलोड रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं. त्यामुळं मोठी फाइल उतरवायची म्हणजे एकजण दुकानातच झोपायचा. बहुतेक वेळा मीच.

फ्लेक्सवाल्याच्या आयुष्यात एकच दुखणं आहे आणि ते आजही गेलेलं नाही: गिऱ्हाईक फोटो लहान देतं आणि बोर्ड मोठा मागतं. व्हिजिटिंग कार्डावरचा गणपती घेऊन येतात आणि म्हणतात, कमानीवर टाका. "मोठ्या साइजचा फोटो नाही का?" म्हणावं तर, "अहो, मोठा तुम्हीच करायचा ना, त्याचे तर पैसे देतोय."

तेव्हा इंटरनेटवर चित्र शोधायचं तर शब्द टाइप करावे लागायचे. 'ग्रेप्स' लिहिलं की ज्या चित्राच्या आसपास ग्रेप्स लिहिलंय ते यायचं. चित्रात खरंच काय आहे याच्याशी त्या शोधाला काही देणंघेणं नव्हतं. अशात कुणीतरी सांगितलं, टिनआय नावाची साइट आलीय, तिथं शब्द नाही, फोटोच टाकायचा. कॅनडात टोरांटोला आयडे म्हणून एक कंपनी होती, तिनं त्याच वर्षी मे महिन्यात हे काढलं होतं. फोटो चढवायचा, आणि तोच फोटो जगात आणखी कुठं कुठं आहे ते ती साइट सांगायची. कापलेला असो, लहान केलेला असो, कुणी कोपऱ्यात नाव मारलेलं असो, तरी पकडायची. आणि प्रत्येकाखाली साइज लिहिलेली! मला दुसरं काय पाहिजे होतं?

पहिला मासा लागला तो तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या पेटीसाठी. त्यांनी द्राक्षाच्या घडाचं अंगठ्याएवढं चित्र आणलं होतं. टिनआयनं त्याची बरीच भावंडं दाखवली, त्यातलं एक दोन हजार पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या, वरचं, घडावरचा दवाचा थेंबन्‌थेंब मोजता येईल असं. मालक खुर्चीतून उठून आले. "हे कॅनडातनं काढलंस?" संध्याकाळपर्यंत बोळातल्या सगळ्या दुकानांत बातमी पोचली.

त्या मोठ्या चित्रात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती, जी लहान चित्रात दिसत नव्हती. द्राक्षं परदेशी होती. काळी, गोल, बारीक. तासगावची तास-ए-गणेश नव्हे, सोनाकाची लांबडी द्राक्षं नव्हेत. मी व्यापाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "द्राक्षच दिसतंय ना? बास." पेटी छापली, विकली. तो फोटो काढणाऱ्या परदेशी माणसाला आम्ही एक पैसाही दिला नाही, हेही इथं लिहून टाकतो. तेव्हा असं काही द्यायचं असतं हेच आमच्या धंद्यात कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी दिलं असतं का, याची खात्री देत नाही.

नंतरचे काही महिने लोक दुकानात कामासाठी कमी आणि टिनआयसाठी जास्त यायचे. एकानं स्वतःच्या चोरीला गेलेल्या स्प्लेंडरचा फोटो आणला, की ही आता कुठं आहे ते काढा. एका पोरानं कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला घोळका आणला आणि त्यातली तिसऱ्या रांगेतली मुलगी कोण विचारलं. त्याला हाकलला. सगळ्यात लक्षात राहिल्या त्या शेजारच्या अक्का. भाचीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन आल्या. मुलगा पुण्यात कंपनीत आहे म्हणतात, बघ काही निघतंय का. मी फोटो स्कॅन केला, चढवला. शून्य रिझल्ट्स.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हा फोटो नेटवर कुठंच नाही, अक्का."

अक्कांनी सुटकेचा श्वास टाकला. "चांगलं वळण दिसतंय. कुठं नाव नाही पोराचं." लग्न झालं. संसार ठीक चाललाय. टिनआयचं त्यात काहीही कर्तृत्व नाही.

पुढं २०११ च्या जूनमध्ये गुगलनंही फोटो टाकून शोधायची सोय दिली आणि आमच्या बोळातलं अप्रूप संपलं. २०१७ ला गुगलचंच, कॅमेऱ्यानं वस्तू ओळखणारं लेन्स आलं, २०२४ च्या जानेवारीत स्क्रीनवर गोल करून शोधायचं आलं, आणि आता तसली पाच-पन्नास ॲप्स झालीत. प्रत्येक वेळी घोळका जमतो, प्रत्येक वेळी आधी किटलीवरच प्रयोग होतो. पण यात मधल्यामध्ये एक बदल झाला तो कुणी नीट सांगितलाच नाही. मलाही तो कळायला बैल मरावा लागला.

बैलाचं सांगतो, पण त्याआधी ही भानगड. 'हाच फोटो शोध' आणि 'असलं काहीतरी शोध' ही दोन निरनिराळी कामं आहेत.

पहिल्या कामाचं सगळ्यात साधं तंत्र सांगतो. सांगली हे भाऊसाहेब पडसलगीकरांचं, बुद्धिबळाचं गाव, त्यामुळं ६४ घरं म्हटलं की पुढचं इथल्या माणसाला समजतंच. फोटो इतका आकसायचा की ८ बाय ८ एवढेच ठिपके उरतील. रंग काढून टाकायचे. चौसष्ट ठिपक्यांच्या उजेडाची सरासरी काढायची. जे घर सरासरीपेक्षा उजळ त्याला १, जे गडद त्याला ०. झाली चौसष्ट आकड्यांची एक ओळ. तो त्या फोटोच्या अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या फोटोचा असाच ठसा घ्यायचा आणि किती घरं जुळत नाहीत ती मोजायची. चार-पाच घरंच वेगळी निघाली तर बहुधा फोटो तोच, कुणीतरी उजळ केलाय नाहीतर लहान केलाय. वीस-पंचवीस निघाली तर विषय संपला. कापलेला किंवा फिरवलेला फोटो ओळखायला याच्यापेक्षा बरीच किचकट गणितं लागतात, पण जात हीच. ठसा जुळतो किंवा जुळत नाही.

दुसऱ्या कामात मशीनला लाखो-करोडो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. ते तुमच्या फोटोची एक लांबलचक आकड्यांची यादी करतं, अशी की दिसायला सारख्या वस्तूंच्या याद्या एकमेकींच्या जवळ पडाव्यात. किटली किटलीजवळ, इरकल इरकलीजवळ. मग तुमच्या यादीच्या सगळ्यात जवळचं काय आहे ते पुढं ठेवतं. आता जवळचं काहीतरी असतंच की हो! घरात साखर संपली तर आपण पाहुण्यापुढं गूळ ठेवतो, तसं ते काहीतरी पुढं ठेवल्याशिवाय राहत नाही. टिनआय 'शून्य रिझल्ट्स' म्हणायचं तेव्हा मला राग यायचा. आता ते मशीन मला फार सभ्य वाटतं.

पुराच्या दिवसांत हा फरक फार उपयोगी पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि हे ५७. आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून पाऊस लागला, कोयनेतून विसर्ग सुरू झाला, की आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात आणि "दादा, खरं आहे का बघा" म्हणून ते माझ्याकडं येतात. नव्वद टक्के जुने नाहीतर दुसरीकडचे. एकदा कौलांवर बसलेली मगर आली, 'गावभागात मगर, सावध राहा' म्हणून. गावभाग म्हणजे सांगलीतलाच एक भाग. मी न शोधताच खोटं म्हणून मोकळा झालो. मगर कौलांवर कशी चढेल? नंतर टाकून बघितलं. फोटो शंभर टक्के खरा होता. २०१९ च्याच पुरातला, पण बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला. मगर खरी, कौलं खरी, गावभाग तेवढा खोटा. ग्रुपवर माफी मागितली. तेव्हापासून शोधल्याशिवाय बोलत नाही, असं मला वाटत होतं.

आता बैल.

त्या किटलीच्या दुपारनंतर चार-पाच दिवसांनी आटपाडीकडचे एक आप्पा आले. पासष्टीचे असतील. पांढरी टोपी, खिशात चष्मा. त्यांचा सर्जा गेला होता. शर्यतीचा खिल्लार. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत त्यांनी तो नुसता दावणीला बसवून सांभाळला, आणि २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिल्यावर तीन-चार मैदानं पळवला. तोवर त्याचं वय उतरणीला लागलेलं, तरी दोनदा फायनलला गेला म्हणाले. तेराव्याला गावात फ्लेक्स लावायचा होता. ८ बाय १०. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सर्जा, त्याखाली फक्त गावाचं नाव. स्वतःचा फोटो नको म्हणाले. माझ्या उभ्या धंद्यात फ्लेक्सवर स्वतःचा फोटो नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं.

फोटो व्हॉट्सॲपवरचा. कुणी कुणाला, त्यानं आणखी कुणाला पाठवून पाठवून पार चोथा झालेला. बैलाचं तोंड जेमतेम तीनशे पिक्सेल. आठ फुटांवर ताणलं की एकेक ठिपका आठ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आप्पांना सांगितलं, जरा फुटेल. "बघा कसं जमतंय," म्हणून ते गणपतीला जाऊन येतो म्हणाले.

मला पेठेत वसुलीला जायचं होतं. भाच्याला सांगून गेलो. परत आलो तर बोर्ड छापून, सुकवून, भिंतीला टांगलेला. आणि काय फोटो होता! एकेक केस दिसत होता. साळलेली शिंगं चकचकीत, वेसण, म्होरकी, डोळ्यात आभाळ. मी म्हणालो, "हा कुठनं काढलास?"

"गोल केला, मामा. मोठ्या साइजमध्ये मिळाला."

मला शंका यायला पाहिजे होती. नाही आली. उलट २००८ सालचा मीच मला दिसलो आणि पाठीवर हात ठेवला. पोरगं तयार झालं म्हटलं.

आप्पा चारच्या सुमाराला आले. दारातच थांबले. चष्मा काढला, घातला, जवळ गेले. बोर्डावर हात फिरवला नाही, काही नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं भरून आलंय त्यांना. मग माझ्याकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ह्यो कुणाचा बैल?"

भाचा पुढं झाला. "तुमचाच की आप्पा. हे बघा, तुमच्याच फोटोवरनं शोधला. मोबाइलनं हाच दाखवला."

"मोबाइलनं वैरण घातलीया का त्याला?"

दुकानात कुणी हसलं नाही. आप्पांनी बोट वर केलं आणि बोर्डाला न टेकवता एकेक दाखवायला लागले. शिंगं जुळत्यात, म्हणाले, त्याचं काय न्हाई. पण ह्यो भोवरा बघा, कपाळावरचा. ह्याचा मधोमध हाय. आमच्या सर्जाचा दोन बोटं वर आन जरा उजवीकडं. डावा कान बघा. आमचा खोंड असताना तारंत घुसलेला, कानाला हितं चीर होती. आन ही गळ्याखालची पोळी. एवढी लोंबती पोळी आमच्याकडच्या पळतीच्या जनावराला नसती. "ह्यो खालच्या अंगाचा हाय. कर्नाटकातला."

आठ बाय दहाच्या त्या बोर्डापुढं उभं राहून मी त्यांनी दिलेला तीनशे पिक्सेलचा चोथा परत उघडला. वाढवला. हरभऱ्याएवढ्या ठिपक्यांतसुद्धा भोवरा उजवीकडं दिसत होता. कानाची चीर दोन गडद ठिपक्यांएवढी. म्हणजे सगळं त्या फोटोत होतं. आम्ही बघितलं नव्हतं. ॲपचा तरी काय दोष? त्यानं वर बारीक अक्षरात 'मिळतीजुळती चित्रं' असंच लिहिलं होतं. 'हाच तो' हे आमचं आम्ही वाचलं.

मी दोन्ही फोटो टिनआयवर टाकले. आप्पांच्या फोटोला शून्य. अर्थात. सर्जा कधी इंटरनेटवर गेलाच नव्हता, तो गेला होता फक्त नातेवाइकांच्या मोबाइलवर. दुसऱ्या बैलाला तीन रिझल्ट, त्यातल्या सगळ्यात जुन्या पानावर सगळा मजकूर कानडीत. आमच्या शेजारी एक जतचे किराणावाले आहेत, त्यांना कानडी येतं. बोलावून वाचून घेतलं. हळ्ळीकर जातीच्या बैलांची माहिती होती. म्हैसूरकडची जात.

"म्हटलं न्हवं," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर अजिबात नव्हता. ते परत बोर्डाकडं बघत होते. "पण जनावर चांगलं हाय. मालकाचं नाव निघतंय का त्यात?"

नाही निघालं.

नवा बोर्ड मी स्वतः केला. त्यांचाच फोटो, ताणला नाही. ३ बाय ४ वर आणला, भोवतीनं मोठी पांढरी मोकळी जागा सोडली आणि ठिपके जरा मऊ केले, भोवरा नि कान सोडून. आप्पांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, मान हलवली. पैसे काढायला लागले तर घेतले नाहीत. मग त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "त्येचं काय करणार?"

वाया गेलेल्या फ्लेक्सचं काय करतात हे जिल्ह्यात कुणालाही विचारा. बेदाण्याच्या शेडला लागतो, हळदीवर लागतो, गोठ्याच्या पावसाच्या बाजूला लागतो. म्हटलं, न्या. त्यांनी गुंडाळी केली, सुतळीनं बांधली आणि दोन्ही बोर्ड घेऊन एसटीला गेले. जाताना मी सांगितलं, पुढच्या वेळी फोटो पाठवाल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नातवाला सांगा, म्हणजे चोथा होत नाही.

भाचा त्या दिवशी फार बोलला नाही. ॲप काढून टाकलं नाही त्यानं, आणि टाकावं असं मीही म्हणालो नाही. किटलीच्या, चपलेच्या कामाला ते उत्तमच आहे. फक्त आता गिऱ्हाइकाचा फोटो आला की आधी टिनआयवर टाकतो, आणि शून्य आलं की गिऱ्हाइकाला बोलावून कॉम्प्युटरपुढं बसवतो.

परवा रात्री साडेनऊला आप्पांच्या नंबरवरून सहा फोटो आले. डॉक्युमेंट म्हणून, एकेक चार-पाच एमबीचा. एक कोवळा खोंड, वर्षाचाही नसेल. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, एक नुसत्या कानांचा आणि एक कपाळाचा इतका जवळून की भोवऱ्यातले केस कुठल्या दिशेला वळलेत ते मोजावं. खाली नातवानं टाइप केलेलं: 'आप्पा म्हणतायत खरसुंडीच्या यात्रेत घेतलाय. तुमच्याकडं जपून ठेवा.'

बाजूनं काढलेल्या फोटोत मागं कडब्याची गंज दिसते. तिच्यावर आमचा फ्लेक्स आहे. छापील बाजू आत घातलीय, वर नुसतं पांढरं.